चौघांनीं उचललेला पक्षघाती

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांतील पक्षघाती मनुष्याचा वृत्तान्त आपणां सर्वांस ठाऊक आहे. कफर्णहूमांतील त्या घराच्या दारांत दाटी होती, म्हणून चौघांनीं छप्पर उघडून त्याची बाज खालीं सोडली. प्रभूनें प्रथम त्यास पापांची क्षमा सांगितली. एवढ्यावरून आपल्यांतील कित्येक असें समजतात कीं, अर्धांगवायू हा पापाचा दंडच होय. आम्हांस ही समजूत चुकीची वाटते. जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनीं हाच प्रश्न केला असतां प्रभूनें तो दोष त्याच्यावरही ठेवला नाहीं व त्याच्या आईबापांवरही ठेवला नाहीं. मग ओसरीवर वांकड्या तोंडानें पडलेल्या वृद्धाविषयीं शेजाऱ्यांनीं कुजबुजावें, हें ख्रिस्ती मंडळीस शोभत नाहीं.

ह्या रोगाचें मूळ शरीरांत आहे. मेंदूस रक्त पोंचविणारी शीर गुठळीनें बंद होते किंवा फुटते. मग मेंदूचा तेवढा भाग मरूं लागतो आणि त्याच्या ताब्यांतील हात, पाय किंवा वाचा जाते. ह्याचें सर्वांत मोठें कारण रक्ताचा वाढलेला दाब हें आहे. तंबाखू, मधुमेह व दारू यांची त्यास जोड मिळते. दाब वाढला असतां बहुधा कांहींच दुखत नाहीं. मनुष्य पेरणी करतो, कापणी करतो, आणि आंत शीर बिघडत असते.

हा रोग शहरांतील सुखवस्तु लोकांचा, असें म्हणून कोणी निश्चिंत राहूं नये. गडचिरोली जिल्ह्यांतील ‘सर्च’ ह्या संस्थेनें ८६ खेड्यांतील मृत्यूंची चौकशी करून ती २०१५ सालीं प्रसिद्ध केली. १५९९ मृत्यूंपैकीं २२९ पक्षाघातानें झाले होते. दुसऱ्या कोणत्याही एका कारणानें इतके झाले नव्हते. त्यांतील बहुतेक माणसें घरींच वारलीं.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजीं मेंदूंतील शीर फुटून वारले. त्यांचा दाब फार वाढल्याचें डॉक्टरांस वर्षभर आधीं ठाऊक होतें. पण तो उतरविणारें चांगलें औषध त्या काळीं नव्हतें. आज तें आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मिळतें.

खरी अडचण पुढें येते. चार महिने गोळी घेतली, दाब उतरला, आणि गोळी बंद केली! कोणी तर म्हणतात, आम्ही प्रार्थना केली आहे, आतां गोळी कशास? हिज्कीया राजा बरा होईल, असें देवाचें वचन यशया संदेष्ट्यापाशीं होतें. तरी त्यानें गळवावर अंजिरांचा लेप लावविला. दाब उतरला तो गोळीमुळेंच, आणि ती बहुधा जन्मभर घ्यावी लागते, हें उपदेशकांनीं घरोघरीं सांगावें. तिसाव्या वर्षानंतर प्रत्येकानें वर्षांतून एकदां तरी दाब मोजवून घ्यावा. दिवसभराचें मीठ, लोणचें, पापड व खारी मासळी धरून, चहाच्या एका चमच्याहून अधिक नसावें. मिश्री ही तंबाखूच आहे, हें आमच्या भगिनींस अजून सांगावें लागतें!

आतां त्या चौघांकडे वळूं. गर्दी ओसरेपर्यंत ते थांबले नाहींत. तोंड एका बाजूस ओढलें, एक हात उचलेना किंवा जीभ अडखळली, कीं आपणही थांबूं नये. तेल चोळीत बसणें, कबुतराचें रक्त लावणें, मांत्रिकाची वाट पाहणें, ह्यांत वेळ जातो. गुठळी विरघळविणारें इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें, आणि तेंही मेंदूचा सी.टी. स्कॅन झाल्यावर, कारण शीर फुटली असल्यास तें घातक ठरतें. रोग्याच्या तोंडांत पाणी किंवा औषध घालूं नये. तें श्वासनलिकेंत जाऊं शकतें.

प्रत्येक मंडळीनें असे चौघे आधींच ठरवून ठेवावे. एकानें १०८ क्रमांकावर फोन करावा. दुसऱ्यानें स्कॅनचें यंत्र असलेलें जवळचें रुग्णालय कोणतें, ह्याची आजच चौकशी करावी. तिसऱ्यानें रोग्याच्या सोबत जावें. चौथ्यानें घरच्यांस विचारून, रोगी शेवटचा धडधाकट केव्हां दिसला ती वेळ कागदावर लिहून त्याच्याबरोबर द्यावी. डॉक्टर प्रथम तेंच विचारतात.