मिटलेले ओठ

दातांना तारा बसवण्याआधी प्रत्येक मुलाचा बाजूने फोटो काढावा लागतो. सुरुवातीची काही वर्षं मी एकच सूचना द्यायचे, "समोर बघ, ओठ मीट." मुलं मुकाट्याने ओठ मिटत. मग पडद्यावर नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत रेघ ओढून ओठ तिच्या किती मागे किंवा पुढे आहेत, ते मी मोजायचे.

बारा-तेरा वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. वरचे आणि खालचे, दोन्ही पुढचे दात बाहेर झुकलेले. दाढा मात्र एकमेकींवर नीट बसत होत्या. फोटोतले ओठही रेघेला जेमतेम टेकत होते. मापं बघितली तर फारसं काही बिघडलेलं नव्हतं. फोटो मोठा केला तेव्हा हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारख्या बारीक खळ्या दिसल्या. तिचे ओठ मिटलेले नव्हते, तिने ते ताणून धरले होते. हनुवटीचा स्नायू खालच्या ओठाला जोर लावून वर ढकलतो, तेव्हा ओठ चपटा होतो आणि हनुवटीचा आकारही बदलतो. आई म्हणाली, "शाळेत चिडवतात हो मॅडम. घरीसुद्धा तोंड असंच धरून बसते."

म्हणजे मी तिचा चेहरा नव्हे, तिचं लपवणं मोजलं होतं.

दुसऱ्यांदा तिला "मम" म्हणून ओठ सैल सोडायला सांगितलं. ओठांमध्ये फट दिसली, ओठ रेघेच्या चांगलेच पुढे आले. फरक काही मिलिमीटरचाच, पण चार उपदाढा काढायच्या की नाहीत, हे अशा काही मिलिमीटरांवरच ठरतं.

रेघेबद्दलही मला आता पूर्वीइतकी खात्री वाटत नाही. ती अमेरिकेतल्या रॉबर्ट रिकेट्स यांची. वरचा ओठ तिच्या ४ मिलिमीटर मागे आणि खालचा २ मिलिमीटर मागे, हे माप तिथल्या गोऱ्या प्रौढांचं. आपल्याकडे रेघेला टेकलेले ओठ कितीतरी चेहऱ्यांवर शोभून दिसतात. दातांच्या जुळणीची वर्गवारी १८९९ मध्ये मांडणारे एडवर्ड अँगल आधी अपोलोच्या ग्रीक मूर्तीलाच चेहऱ्याचा आदर्श मानत. पुढे सेंट लुईसचे चित्रकार एडमंड वुर्पेल यांच्याकडे त्यांनी सौंदर्याचा नियम मागितला. सगळ्या चेहऱ्यांना लागू पडेल असा एकच नियम नसतो, हे त्या चित्रकाराने त्यांना पटवून दिलं. मला ही गोष्ट फार आवडते. आयुष्यभर दाढा मोजणारा माणूस चित्रकाराकडे गेला आणि त्याचं ऐकून परतला. अर्थात अँगलची वर्गवारी पहिल्या कायमच्या दाढेवर उभी आहे, आणि या मुलीच्या दाढांमध्ये तिला काहीच खोट सापडली नसती.

मुलीला पडद्यावर दोन्ही फोटो दाखवले. दुसऱ्याकडे तिने क्षणभरच पाहिलं.

"हा पुसून टाका ना, मॅडम. पहिला ठेवा."

तिच्या शेजारी बसून मी सांगितलं, की उपचार याच फोटोवरून ठरणार आहे आणि तो माझ्याशिवाय कुणी बघणार नाही. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिने मान हलवली. ओठ तेव्हाही घट्ट मिटलेले होते, आणि हनुवटीवर त्याच खळ्या.