प्रार्थनेचे दार



गेल्या महिन्यात आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर एक वाद झाला. वाद लहानसा होता, पण तो अजून माझ्या मनातून गेलेला नाही. आपल्यापैकी अनेकांची मुले आता परदेशी आहेत, अनेकजण तीर्थयात्रेला जातात. तेव्हा हा प्रश्न केवळ आमच्या घरचा नाही, असे वाटल्यावरून तो आपल्यापुढे मांडतो आहे.

पादुआला संत अंतोनीच्या कबरीसमोर एकदा गुडघे टेकावेत, ही माझ्या पत्नीची फार दिवसांची इच्छा. आमच्या लग्नाला चाळीस वर्षे होत आहेत म्हणून मुलीने ते मनावर घेतले. पादुआहून व्हेनिस आगगाडीने साधारण अर्ध्या तासावर आहे. एवढ्या लांब जायचे आणि ते न बघता परतायचे, हे कोणालाच पटेना. म्हणून व्हेनिससाठी दोन दिवस काढायचे ठरले. मुलीने कागदावर वेळापत्रक केले. डोजेचा राजवाडा, रियाल्टोचा पूल, काचकामाचे मुरानो, रंगीत घरांचे बुरानो. दोन दिवसांत सतरा ठिकाणे. संत मार्कच्या बॅसिलिकेसमोर लिहिले होते, ‘पाऊण तास’.

मग ती म्हणाली, “पप्पा, बॅसिलिकेला पर्यटकांची मोठी रांग असते, तिकीटही असते. पण उत्तरेच्या बाजूला वेगळे दार आहे, प्रार्थनेला आणि मिस्साला येणाऱ्यांसाठी. तिथे तिकीट नाही. आपण त्या दाराने जाऊ. आपण कॅथलिकच आहोत ना!”

मी लगेच ‘हो’ म्हणालो. पत्नी मात्र ताटावरून मान वर न करता म्हणाली, “आपण तिथे प्रार्थनेला जाणार आहोत का?”

मुलगी म्हणाली, “मम्मी, आत गेल्यावर एक ‘आमच्या बापा’ म्हणू. मग तर खोटे होणार नाही ना?”

मला वाटते, खरा प्रश्न इथेच आहे. एक ‘आमच्या बापा’ म्हटल्याने ते खोटे होत नाही का?

आपली धर्मशिकवण सांगते की, कोणत्याही कृत्याची पारख तीन अंगांनी करावी: कृत्य काय आहे, हेतू काय आहे आणि परिस्थिती कोणती आहे. देवळात जाऊन प्रार्थना करणे हे कृत्य चांगलेच. रांग चुकवावी हा हेतू काही महापाप नव्हे. आपण रोजच त्या खटपटीत असतो. राहिली परिस्थिती. ती कळण्यासाठी व्हेनिसची आजची स्थिती थोडी पाहिली पाहिजे.

परंपरा सांगते की, इ. स. ८२८ मध्ये व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी संत मार्कचे अवशेष अलेक्झांड्रियाहून आणले. आजच्या बॅसिलिकेचे बांधकाम १०६३ मध्ये सुरू झाले. आतल्या सोनेरी मोझेकचित्रांनी ८ हजार चौरस मीटरहून अधिक जागा व्यापली आहे. १८०७ पासून ते व्हेनिसचे कॅथेड्रल आहे. विसाव्या शतकात तिथले तीन पॅट्रिआर्क पोप झाले: १९०३ मध्ये संत दहावे पायस, १९५८ मध्ये संत तेविसावे जॉन आणि १९७८ मध्ये पहिले जॉन पॉल. म्हणजे ते संग्रहालय नव्हे. आजही तिथे मिस्सा होते आणि माणसे पापनिवेदन करतात.

पण ही माणसे आता किती उरली? जुन्या व्हेनिस शहरात १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये हा आकडा ५० हजारांच्या खाली गेला. रियाल्टोजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या खिडकीत रहिवाशांची संख्या दाखवणारा फलक २००८ पासून लावलेला आहे. तो आकडा उतरतच गेला. माणसे शहर सोडून गेली त्याला कारणे अनेक आहेत: महाग घरे, पाण्याचा त्रास, रोजगार. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी तर भरतीचे पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढले होते. पण पाहुण्यांना भाड्याने देण्यात जास्त पैसा मिळतो म्हणून राहती घरे मुक्कामाच्या खोल्या झाल्या, हेही एक मोठे कारण आहे. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या प्रवासी जहाजांना जुदेक्का कालव्यातून जायला बंदी झाली. २५ एप्रिल २०२४ पासून, वर्षातल्या ठरावीक दिवशी, मुक्काम न करता दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून पाच युरो शुल्क घेणे सुरू झाले. २०२५ मध्ये असे दिवस वाढवले आणि आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्यांना दहा युरो केले.

आता त्या बाजूच्या दाराकडे पुन्हा पाहू. ते दार कोणासाठी ठेवले आहे? घरातली कामे आटोपून अर्धा तास परमेश्वरापुढे बसायला येणाऱ्या तिथल्या एखाद्या म्हातारीसाठी. शहरातले पूल, गल्ल्या, बोटी, सारे तिला पाहुण्यांबरोबर वाटून घ्यावे लागते. हे एक दार तिचे उरले आहे. आमच्यासारखे कॅथलिक पर्यटक काही थोडे नाहीत. प्रत्येकाने ‘एक आमच्या बापा’ म्हणून त्या दाराने आत जायचे ठरवले, तर तिथेही रांग लागेल आणि ज्यांना दुसरे दार नाही त्यांचेच दार बंद होईल. आम्हाला दुसरे दार होते. तिकिटाचे पैसेही होते. नव्हता तो फक्त धीर.

हे सांगताना मला आपला नाताळ आठवला. गोठा पाहायला लांबून माणसे येतात, त्याचा आपल्याला आनंदच असतो. पण मिस्सा चालू असताना कोणी मोबाईल उंच धरून मधल्या वाटेने पुढे आला की, आपल्या कपाळावर आठी पडते. ‘यांना काही कळत नाही,’ असे आपण म्हणतो. वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात, तेव्हाही आपण हळहळतो. तिथे आपली वाडवडिलांची नाती आहेत, म्हणून आपल्याला लागते. व्हेनिसमध्ये मात्र आपण मोबाईलवाले असू. तेव्हा आपल्यालाही काही कळत नाही, असे होऊ नये.

यावर मुलीने एक चांगला प्रश्न विचारला. ती म्हणाली, “मग तिकीट काढून गेलेल्याने प्रार्थना करायची नाही का? देव काय तिकीट तपासतो?”

देव तिकीट तपासत नाही. तिकीट काढून आत गेलेल्या माणसाच्या डोळ्यांत त्या सोनेरी छताखाली पाणी आले, तर ती प्रार्थनाच आहे. उलट, प्रार्थनेच्या दाराने जाऊन छताचे फोटो मोजणारा पर्यटकच आहे. मला वाटते, ती दोन दारे दोन प्रकारच्या माणसांसाठी नाहीत, दोन प्रकारच्या वेळेसाठी आहेत. एका वेळी आपण पाहायला जातो; त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, सौंदर्यही परमेश्वराचेच आहे. दुसऱ्या वेळी आपण स्वतःला त्याच्या नजरेखाली ठेवायला जातो. दोन्ही चांगले. फसवणूक होते ती एकाचे नाव सांगून दुसरे उरकताना. आणि त्यात फसतो तो दारावरचा रखवालदार नव्हे. फसते ती आपलीच प्रार्थना. ती सवलतीचे कूपन होऊन बसते.

त्या रात्री आणखी एक गोष्ट निघाली. मुलीने मुक्कामासाठी जुन्या वस्तीतले एक स्वस्त घर शोधले होते. पत्नीने विचारले, “तिथे आधी कोणीतरी राहत असेल ना?” आपल्याकडेही आळीतला एखादा बंगला शनिवार-रविवारच्या भाड्याला जातो तेव्हा शेजाऱ्यांचे काय होते, ते तिने पाहिले आहे. मी म्हणालो, “आपण एक घर घेतले नाही म्हणून व्हेनिस पुन्हा भरणार नाही.” हे खरेच आहे. शिवाय पाहुण्यांवर तिथल्या कित्येकांची चूल पेटते, हेही खरे. न जाणे हे काही उत्तर नव्हे. पण व्हेनिसला आपण वाचवू शकतो का, असा प्रश्न कोणी आपल्याला विचारलेला नाही. आपण कसले पाहुणे होणार, एवढाच प्रश्न आपल्या वाट्याचा आहे. संत लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात प्रभू आपल्या बहात्तर शिष्यांना पाठवतो, तेव्हा त्यांना घरे बदलत फिरू नका, एकाच घरी राहून समोर येईल ते खा, असे सांगतो. पाहुण्याने यजमानाला ओझे होऊ नये, ही काळजी प्रभूनेही केली आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस २८ एप्रिल २०२४ रोजी व्हेनिसला गेले. त्यांनी संत मार्कच्या चौकात मिस्सा अर्पण केली, पण त्यांचा पहिला थांबा होता जुदेक्का बेटावरचा स्त्रियांचा तुरुंग. कोणत्याही पर्यटकाच्या यादीत ते ठिकाण नसते.

आता आमचा कागद बदलला आहे. सतरापैकी सहा ठिकाणे उरली आहेत. मुक्कामासाठी भगिनींच्या एका मठातल्या पाहुण्यांच्या खोलीची चौकशी चालू आहे. शनिवारी तिकीट काढून, रांगेत उभे राहून बॅसिलिका पाहायची. रविवारी बाजूच्या दाराने मिस्साला जायचे, मोबाईल पिशवीत. भाषा कळणार नाही, पण केव्हा उभे राहायचे आणि केव्हा गुडघे टेकायचे, ते कळेल. जुदेक्कावरचे रेदेंतोरे चर्चही यादीत ठेवले आहे. १५७६ च्या प्लेगमध्ये शहराने केलेल्या नवसाचे ते चर्च. आजही जुलैच्या तिसऱ्या रविवारच्या सणाला कालव्यावर तरता पूल बांधून लोक तिथे चालत जातात. नवस फेडल्यावरही साडेचारशे वर्षे आठवण ठेवणारी ती माणसे आहेत.

आणि एक थांबा पत्नीने स्वतःच्या हाताने लिहिला. व्हेनिसच्या स्टेशनाचे नाव सांता लुचिया आहे. त्या जागी संत लुसियाचे चर्च होते, ते १८६१ मध्ये स्टेशनासाठी पाडले गेले. संत लुसियाचे शरीर जवळच्या सान जेरेमिया चर्चमध्ये आहे. गाडीतून उतरल्यावर आधी तिथे जायचे, असे ती म्हणते. संत लुसिया ही डोळ्यांची आश्रयदाती. “दोन दिवस बघतच फिरायचे आहे,” ती म्हणाली, “तर आधी तिच्याकडे नीट बघता येण्याचे मागून घेऊ.”

वेळापत्रकात त्यापुढे तिने वेळ लिहिलेली नाही.