स्वामी कोण, धनी किती

रणजित देसाईंची माधवराव पेशव्यांवरची कादंबरी ‘स्वामी’ (1962) पुण्यात वाचणे वेगळे आणि यवतमाळात वाचणे वेगळे. पुणेकराचे डोळे थेऊरला माधवरावांच्या मृत्यूपाशी पाणावतात. वऱ्हाडी वाचकाने मात्र आधी मुखपृष्ठालाच हटकावे: स्वामी कोण? गादी साताऱ्याची, पेशवाईची वस्त्रेही तिथूनच यायची. कारभार पुण्याचा, आणि पुण्यातही माधवरावांचे काका राघोबादादा वेगळी चूल मांडायला टपलेले.

फ्रेंच विचारवंत ज्याँ बोदँ याने 1576 मध्ये मांडले की सार्वभौम सत्तेचे वाटे पडत नाहीत. 1762 मध्ये आळेगावला माधवराव स्वतः होऊन काकांच्या स्वाधीन झाले, ते या मापाने बघा. पुतण्याचा मोठेपणा म्हणून आपण हा प्रसंग वाचतो. पण त्या दिवशी पेशवेपद एका तंबूत होते आणि हुकूम दुसऱ्यात. देसाई ही फट माधवरावांच्या चारित्र्याने बुजवतात. कादंबरी म्हणून लोभस, सत्तेचा विचार म्हणून लंगडे. क्षयाने माधवराव सत्ताविसाव्या वर्षी गेले आणि अवघ्या नऊ महिन्यांत शनिवारवाड्यात त्यांचा धाकटा भाऊ, पेशवे नारायणराव यांचा खून झाला. चारित्र्याला वारस नसतो.

आमच्या वऱ्हाडात तर वाटणी हेच राज्य होते. नागपूरचे भोसले आणि हैदराबादचा निजाम यांची दुअमली, म्हणजे एकाच मुलखावर दोघांचा वसूल. कनकापूरच्या तहात (1769) माधवरावांनी जानोजी भोसल्यांना वाकवले, तरी रयतेच्या डोक्यावर धनी दोनच राहिले. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले, मालकी मात्र कागदोपत्री निजामाची. 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमचा पट्टाच लिहून घेतला. निजामाने मुलूख परत मागितला तेव्हा, 1926 मध्ये, व्हाइसरॉय रीडिंगने सुनावले की ब्रिटिश सत्तेशी बरोबरीने बोलण्याचा हक्क कुणाही संस्थानिकाला नाही. दहा वर्षांनी निजामाचा वारस ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाला. किताब हैदराबादला, कलेक्टर यवतमाळला! बोदँला इथला सातबारा वाचायला द्यायला हवा होता.

आणि या सगळ्यात रयत कुठे? इंग्रज विचारवंत हॉब्जच्या ‘लेव्हायथन’च्या (1651) मुखचित्रात राजाचे धड असंख्य छोट्या माणसांचे आहे. ‘स्वामी’त ती माणसे जवळपास नाहीत, वाडा आहे, छावणी आहे, देव्हारा आहे. वऱ्हाडच्या लेखकांनो, थेऊर लिहून झाले. आता दुअमलीतल्या एखाद्या पाटलाकडे वळा, ज्याच्या चावडीवर दोन सरकारांचे शिपाई एकाच पिकाचा वसूल मागायला बसत.