न केलेल्या गुन्ह्याचे उत्तर

चोरी केली म्हणून कैद, हे कोणालाही समजते. पण 'हा उद्या काहीतरी करील' म्हणून आज कैद, हे गळी उतरत नाही. यालाच प्रतिबंधक स्थानबद्धता म्हणतात. येथे खटला नाही, साक्षीपुरावा नाही, हक्काने वकीलही मिळत नाही. जे घडलेलेच नाही, त्याचे उत्तर माणसाने द्यायचे कसे?

बंधुभगिनींनो, हा प्रश्न घटना समितीपुढेही होता. मसुद्यातून 'योग्य कायदेशीर प्रक्रिये'ची हमी गळली आणि त्यावर फार टीका झाली. १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी १५-अ हे कलम मांडले व ती त्या उणिवेची भरपाई आहे असे सांगितले. तेच आजचे कलम २२. त्यातून स्थानबद्धता नाहीशी झाली नाही, हे आपण लपवू नये. परंतु त्याचे पाचवे पोटकलम सांगते की, पकडल्याची कारणे लवकरात लवकर कळवा आणि त्या आदेशाविरुद्ध अभिवेदन करण्याची, म्हणजे आपली बाजू लेखी मांडण्याची, संधी द्या.

काहींना ही औपचारिकता वाटते. मला तसे वाटत नाही. स्थानबद्धतेचा आदेश अधिकाऱ्याची खात्री पटली म्हणून निघतो. ती खात्री तो पोलिसांच्या कागदांवरून करतो. त्या दिवशी आपण कुठे होतो, तक्रारीमागे कोणते जुने भांडण आहे, हे पकडलेल्या माणसालाच ठाऊक असते. त्याचे तोंड बंद ठेवले तर सत्याची एक बाजू कायमची हरवते.

आणि कारणे कळणार कोणत्या भाषेत? आपल्या वस्तीत इंग्रजी कागद आला की तो मास्तरकडे येतो. तुरुंगात मास्तर कुठून आणायचा? १९६२ च्या हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात हाच प्रश्न होता. कारणे इंग्रजीत होती, त्याने हिंदी भाषांतर मागितले, ते नाकारले गेले. माणसाला न समजणाऱ्या भाषेत कळवणे म्हणजे कळवणेच नव्हे, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. पुढे १९७० मध्ये जयनारायण सुकुल खटल्यात हेही ठरले की, सल्लागार मंडळ असले तरी सरकारने अभिवेदनाचा स्वतः व विनाविलंब विचार केला पाहिजे.

आता आपल्या आयाबहिणी विचारतील, हातभट्टीवाल्याला कसला हक्क? त्याने किती संसार बुडवले! त्यांचा संताप खरा आहे. महाराष्ट्राचा १९८१ चा कायदा झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांना एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करतो. गुन्हा केला असेल तर खटला भरावा, शिक्षा व्हावी. पण 'धोकादायक व्यक्ती' हे शब्द त्याच कायद्यात आहेत, आणि ते कोणाच्या नावापुढे लिहायचे हे लिहिणाराच ठरवतो. ते शब्द वस्तीतल्या निरपराध पोराच्या नावापुढे लागले, तर त्याच्या हाती अभिवेदनावाचून काय उरते?

म्हणून असा कागद कोणाच्या घरी आला तर रडत बसू नये. आदेश, कारणे व सोबतचे सारे कागद मराठीत मागावेत. आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे, राज्य सरकारकडे आणि सल्लागार मंडळाकडे लगेच लेखी अभिवेदन करावे. प्रत जवळ ठेवावी आणि दिल्याची तारीख नोंदवावी. उशीर कोणी केला हे पुढे न्यायालयात त्या तारखेवरूनच कळते.