गाडी तीच, पत्रा निराळा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नवी पेठेतून चालत गेले, म्हणजे दुकानादुकानांतून एकच देखावा दिसतो. चौरंगावर लाल कापडी बांधणीची नवी वही, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक, शेजारी झेंडूची फुले आणि लाह्या-बत्तासे. हिशेब आता संगणकावर गेले. पूजा मात्र अजून वहीचीच होते. लहानपणी अण्णांचे बोट धरून मी अशा पूजांना जात असे. एका दुकानातल्या वृद्ध मुनिमांनी तेव्हा मला वहीचा एक नियम सांगितला होता. चुकलेला आकडा कधी पुसायचा नाही. त्यावर एक रेघ ओढायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, आणि चुकलेला आकडाही वाचता आला पाहिजे. पुसलेल्या वहीवर कोणी विश्वास ठेवीत नाही; खोडलेल्या वहीवर ठेवतात.

पुढे मी शाळामास्तर झालो, खोडरबराच्या राज्यात रमलो, आणि तो नियम विसरूनही गेलो. यंदा तो पुन्हा आठवला, तो अण्णांच्या गाडीमुळे.

गाडी म्हणजे १९६६ सालची फियाट ११००. अण्णांनी ती जुनीच विकत घेतली होती. आमच्या मुंजी-लग्नांची, पंढरपूर-तुळजापूरच्या फेऱ्यांची ती सोबतीण. अण्णांना तिचा आणखीही एक अभिमान होता. ती बनविणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. १८८२ साली त्यांचा जन्म याच गावात झाला आणि १९४४ साली त्यांनी ती कंपनी स्थापन केली. "आपल्या गावच्या माणसाची गाडी," असे अण्णा पाहुण्यांना सांगत, जणू वालचंदशेठ शेजारच्याच वाड्यात राहात होते.

अण्णा गेले, गाडी आईच्या नावावर झाली आणि शेडखाली उभी राहिली. काही वर्षांत तिचा तळ इतका कुजला, की आत पाय टाकावा तो जमिनीला लागावा. गाडीची हौस माझ्या थोरल्या भावाला. उन्हाळ्यात मी पेपर तपासण्याच्या कामासाठी परगावी गेलो असताना दादाने एक मिस्त्री गाठला आणि भंगारात निघालेल्या एका पद्मिनी टॅक्सीची बॉडी मुंबईहून आणविली. पद्मिनी ही फियाट ११०० चीच धाकटी बहीण. मुंबईतल्या तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून कायमच्या गेल्या. मी परत आलो तेव्हा इंजिन, दारे, काचा, अण्णांच्या हाताने गुळगुळीत झालेले स्टिअरिंग, सारे काही त्या बॉडीत बसले होते. एकच गोष्ट राहिली होती. चासीचा नंबर.

येथे थोडा खुलासा करावयास हवा. जीपसारख्या गाडीला खाली पोलादी चौकट असते आणि तिच्यावर बॉडी ठेवलेली असते, हत्तीवर अंबारी ठेवावी तशी. अंबारी बदलली तरी हत्ती तोच. नंबर त्या चौकटीवर असल्यामुळे तो जागचा हालत नाही. फियाट ११०० ला अशी वेगळी चौकटच नाही. बॉडी हाच तिचा कणा, आणि नंबरही त्या बॉडीच्याच पत्र्यावर ठोकलेला. बॉडी बदलली की जुना नंबर जुन्या पत्र्याबरोबर भंगारात जातो आणि नवी बॉडी आपला नंबर घेऊन येते. आर. सी. बुकात एक नंबर, गाडीवर दुसरा!

मिस्त्रीचा उपाय तयार होता. "मास्तर, जुन्या पत्र्यातला नंबराचा तेवढा तुकडा कापतो, ह्यात बसवून वेल्डिंग मारतो, वरनं रंग. ब्रह्मदेवाला कळायचं नाही बघा."

मी गप्प राहिलेला पाहून तो पुढे म्हणाला, "आता समजा, दरसाल एक-एक पत्रा बदलला असता. पंधरा वर्षांत सगळी बॉडी नवी झाली असती. तवा गाडी दुसरी झाली म्हणला असता का तुम्ही? मग एकदम बदलली तर काय बिघडलं?"

माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. तत्त्वज्ञान मी जे वाचले ते वाचनालयाच्या कृपेने. परंतु हातात पाना घेऊन उभ्या असलेल्या त्या माणसाने जो प्रश्न विचारला, तो फार जुना आहे. प्लुटार्क सांगतो, की अथेन्सच्या लोकांनी थीसियसचे जहाज जपून ठेवले, कुजलेली फळी काढून नवी बसवीत गेले, आणि जहाज तेच की निराळे यावर तत्त्ववेत्त्यांत वाद माजला. आपल्याकडे 'मिलिंदप्रश्ना'त भिक्षू नागसेन मिलिंद राजाला त्याच्या रथाविषयी असेच विचारतो. चाके म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? जू म्हणजे? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो, की हे सारे भाग एकत्र आले म्हणजे व्यवहारात त्याला 'रथ' हे नाव मिळते, इतकेच.

रथ हे नुसते नाव असेल, तर मिस्त्रीचेच खरे, असे प्रथम वाटते. नंबराचा तुकडा हवा तेथे डकवावा! मला मात्र विचारान्ती उलट वाटू लागले. वस्तूचे 'तीच'पण तिच्या पत्र्यात नसून माणसांनी तिला दिलेल्या नावात आहे, असे म्हटले की त्या नावाची सगळी जबाबदारी माणसांवर येते. पत्रा खोटे बोलत नाही; तो गंजतो तोही उघडपणे. खोटे बोलू शकते ते नाव.

नंबर हा एक साक्षीदार आहे. पत्रे एकेक करून बदलले, तर तो आपल्या जागी असतो. आज मडगार्ड गेले, उद्या तळ गेला, हे त्याच्या समक्ष घडते. पण त्यालाच उचलून दुसऱ्या सांगाड्यावर बसविले, की जे त्याने पाहिलेच नाही त्याची साक्ष आपण त्याच्या तोंडून वदवून घेतो. ती साक्ष ऐकणार कोण? उद्या ही गाडी विकत घेणारा कोणी अनोळखी माणूस. ज्याची गाडी चोरीला गेली आणि जो या नंबरांच्या भरवशावर ती परत मिळण्याची वाट पाहतो आहे, असा आणखी कोणी. चोरीची गाडी खपविताना नेमकी हीच युक्ती करतात. आमची बॉडी चोरीची नव्हती. परंतु चोराच्या वाटेने आपण चांगल्या हेतूने गेलो, म्हणून ती वाट चांगली ठरत नाही.

पुरीच्या जगन्नाथाचे नवकलेवर आठवा. अधिक आषाढ येतो अशा वर्षी तेथे देवांच्या लाकडी मूर्ती नव्या घडवितात. १९९६ नंतर हा सोहळा २०१५ साली झाला. जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ सेवक डोळ्यांवर पट्टी बांधून नव्या मूर्तीत ठेवतात आणि जुन्या मूर्तींना मंदिराच्या आवारातच समाधी देतात. गुप्त आहे ते त्या पदार्थाचे स्वरूप. देह बदलला, हे कोणी लपवीत नाही. उलट त्याचाच उत्सव होतो. देव तोच आणि लाकूड नवे, ही दोन्ही वाक्ये तेथे एका दमात म्हणता येतात, कारण दुसरे वाक्य कोणी गिळलेले नाही.

दादाची अडचण मला समजत होती. केंद्र सरकारने २०२१ साली ५० वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांसाठी 'विंटेज' म्हणून नोंदणी करण्याचा निराळा नियम केला. मात्र गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. दादाचा त्या मानावर डोळा होता, आणि खरे लिहिले की तो गेला. दुसऱ्या बाजूला होते १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम. कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये, असे ते सांगते. आणि मंजुरीवाचून बदल झालाच असेल, तर १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून, आर. सी. बुक पाठवून, तशी नोंद करून घ्यावी. त्या १४ दिवसांतले ९ संपले होते.

रात्री जेवणानंतर आम्ही दोघे भाऊ हमरीतुमरीवर आलो. "अण्णांची गाडी मी वाचवली, आणि तू मला चोर म्हणतोस!" दादा म्हणाला. त्यात खोटे काही नव्हते. गाडी त्यानेच वाचविली होती; मी तर कित्येक वर्षे त्या शेडकडे फिरकलोही नव्हतो. ज्याने काही केले नाही त्याला नीती सांगणे फार सोपे जाते, हे मला त्या क्षणी कळले आणि माझा आवाज खाली आला.

आई इतका वेळ वाती वळीत बसली होती. ती म्हणाली, "मालक म्हणून सही माझी लागणार ना? मग जे केलंय ते लिहा. आणि लिहिलेलं मला वाचून दाखवा."

अर्ज मी लिहिला. नव्या बॉडीवरचा नंबर कागदावर पेन्सिल घासून उमटवून घेतला, लहानपणी नाण्याचा छाप घेत असू तसा. दादाने बॉडी विकत घेतल्याची पावती जोडली. वाचून दाखविताना आईने एकाच ठिकाणी थांबविले. 'गाडी माझ्या दिवंगत पतीची आहे,' असे मी लिहिले होते. ती म्हणाली, "इंजिन त्यांच्या गाडीचं, पत्रा दुसऱ्या गाडीचा, असं सरळ लिही." मी ते वाक्य खोडले. नवा कागद घेणार होतो. आईने घेऊ दिला नाही.

बाराव्या दिवशी अर्ज दाखल झाला. निकाल अजून लागावयाचा आहे. टॅक्सीची जुनी नोंदणी रीतसर रद्द झाली होती काय, याचे कागद मागितले आहेत; ते जमविण्यासाठी दादा दोनदा मुंबईस जाऊन आला. कदाचित जुना नंबर कायमचा जाईल. कदाचित गाडी रस्त्यावर यावयाचीच नाही. खरे बोलले की बक्षीस मिळते, असे मी वर्गात मुलांना सांगत नाही, तेव्हा येथेही सांगणार नाही. इतके मात्र सांगतो, की आता कोणी "ही अण्णांचीच गाडी का?" म्हणून विचारले, तर दादा तिचे बोनेट उघडतो आणि काय जुने, काय नवे ते बोट ठेवून दाखवितो. सांगून संपल्यावर म्हणतो, "होय, अण्णांचीच." ते ऐकताना मला त्यात खोटे असे काही वाटत नाही.

मास्तराच्या घरी कसली वही आणि कसले वहीपूजन? पण परवा आई म्हणाली, यंदा लक्ष्मीपूजनाला चौरंगावर त्या खोडलेल्या अर्जाची नक्कल ठेवू.