विंझरपासून केळदपर्यंत, सावकाश

गाडी कडेला लावा, इंजिन बंद करा, आणि दार उघडायची घाई करू नका. महामार्ग सोडून चेलाडी फाट्याला तुम्ही आत वळलात, नसरापूर मागे पडलं, बनेश्वराची झाडी राहिली, आणि आता विंझर आलं आहे. पुढे वेल्हे, वेल्ह्याच्या पुढे केळद. कालपरवापर्यंत ज्याला वेल्हे तालुका म्हणायचो तो आता राजगड तालुका झाला. महिना भाद्रपदाचा, पाऊस सरत आलेला, असं धरू या. तोरणा कुठे पळून जात नाही. जरा बसा.

गाडी थांबली तरी अंगातला वेग थांबत नाही. खांदे अजून पुढे झुकलेले असतात, उजवा पाय अजून दाबायला काहीतरी शोधत असतो. त्याला टेकू द्या. एक श्वास घ्या, सावकाश सोडा, आणि दुसरा आपोआप येईपर्यंत थांबा. कानांना काही ऐकायला लावू नका. आधी तापलेल्या बॉनेटची टिकटिक येईल, मग कुठला तरी मोटरपंप, मग पाणी. या दिवसांत इथे पाण्याचा आवाज सगळ्यांत शेवटी कळतो, कारण तो पहिल्यापासून चालूच असतो.

आपल्या कितीतरी घरांत आता अमेरिकेतल्या नॅशनल पार्कांच्या प्रवासाचे फोटो आहेत. मुलगा किंवा मुलगी तिकडे, उन्हाळ्यात आई-बाबा जातात, मोठी गाडी भाड्याने घेतली जाते, डिकीत कुकर आणि चिवड्याचे डबे बसतात. झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन, आणि रजा पुरली तर वर यलोस्टोन. रोज शेकडो मैल. या प्रवासांचं मला मोल वाटतं. जन्मभर बँकेत नाहीतर शाळेत राबलेल्या माणसाने सत्तरीत ग्रँड कॅन्यनच्या काठावर उभं राहावं आणि त्याचे हात नकळत जोडले जावेत, ही लहान गोष्ट नाही. पण परत आल्यावर विचारलं की ठिकाणं एकमेकांत मिसळलेली असतात. लाल कडे कुठले, पांढरे कुठले, फोटो बघूनही ठरत नाही.

तुम्ही असे गेला असाल तर त्यातलं एक ठिकाण आता आठवा. एकच. नाव नाही आठवलं तरी चालेल. समोर काय दिसत होतं तेही राहू द्या. पायाखाली काय होतं? वाळू, खडी, लाकडी फळ्या? आठवत नसेल तर मनाला ताण देऊ नका. गेला नसाल तरी काही बिघडत नाही. इथे पायाखाली काय आहे ते बघायला कुणालाच उशीर झालेला नाही.

आता उतरा. जिथे डोंगर कापून रस्ता केला आहे तिथला एक दगड उचला, मुठीत मावेल एवढा. तो दिसतो त्याहून जड असतो, हे आधी हाताला कळू द्या. रंग काळा, वरून थोडा तांबूस. फिरवून बघा, एखाद्या बाजूला बारीक भोकं असतील, काही रिकामी, काही पांढऱ्या दाण्यांनी भरलेली. हा खडक लाव्हा होऊन वाहत होता तेव्हा त्याच्यातले वायू बाहेर पडू बघत होते. जे निसटले ते निसटले, जे अडकले त्यांच्या बुडबुड्यांची ही घरं. लाव्हा थिजला, घरं तशीच राहिली, आणि पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्यातल्या काहींत पांढरी खनिजं आणून भरली. ही गोष्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. एका भोकावर बोटाचं टोक ठेवा. आकड्याचा विचार सोडून द्या, तो डोक्यात मावणार नाही. बोटाखालची कड खरखरीत आहे की गुळगुळीत, एवढंच बघा.

मग मान वर करा. पुढे तोरणा, डाव्या अंगाला राजगड, ढगाने दाखवला तर. डोंगराच्या अंगावरच्या आडव्या रेघा दिसतात? एकदा लाव्हा वाहिला, थिजला, काही काळ गेला, त्यावर पुन्हा वाहिला. भाकरीवर भाकरी टाकत जावं तशी ही चळत रचली गेली. जो थर कठीण त्याचा उभा कडा झाला, जो मऊ तो झिजून उतार झाला आणि त्यावर गवत आलं. गड बांधणाऱ्यांनी हे नीट वाचलं होतं. जिथे कडा आहे तिथे तट बांधावा लागत नाही. राजगडाच्या सुवेळा माचीला खडकात आरपार नेढं आहे, ते वाऱ्यापावसाने कोरलं, आणि बांधणाऱ्यांनी माची त्याला धरून पुढे नेली. तटबंदी सुरू कुठे होते आणि डोंगर संपतो कुठे, हे नजरेने शोधत राहा. सापडलं नाही तरी शोधण्यात जो वेळ जातो तो जाऊ द्या.

यलोस्टोनला गेलेल्यांना आठवेल, तिथली जमीन अजून तापलेली आहे. १८७२ साली ते जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, १९१५ साली तिथे मोटारी सोडल्या, आणि तेव्हापासून लोक गाडीने येऊन ओल्ड फेथफुलच्या भोवती बाकांवर बसतात, दीडेक तासाने उसळणाऱ्या गरम पाण्याच्या फवाऱ्यासाठी. तिथला शेवटचा महास्फोट साडेसहा लाख वर्षांच्या आसपासचा. ग्रँड कॅन्यनचा हिशेब याच्या कितीतरी पलीकडचा. तिथे तळाला सुमारे १७० कोटी वर्षांचा खडक उघडा पडला आहे आणि त्याला नाव विष्णूचं आहे. दरीतून वर उठलेल्या शिखरांना क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने १८८०च्या सुमारास मंदिरं म्हटलं, त्यांतलं एक शिवाचं, एक विष्णूचं. मला हे फार आवडतं. परक्या मुलखात, जिथे काळाचा तळ दिसतो अशा जागी, कुणा भलत्याच माणसाला आपले देव आठवले.

आपल्याकडची आग विझून इतका काळ लोटला की खडकाची माती झाली आणि त्या मातीत भात उभा आहे. रस्त्याच्या खाली बघा. या दिवसांत भात निसवायला लागतो, म्हणजे पात्याच्या पोटातून लोंबी बाहेर येते. सगळं शेत बघू नका, एक खाचर निवडा, त्यातही बांधाजवळचं एक रोप. लोंबी अजून हिरवी आहे, दाणा दाबलात तर दुधासारखं निघेल, पण दाबू नका, तो कुणाचा तरी घास आहे. हे रोप इथे आपोआप आलेलं नाही. उन्हाळ्यात कुणीतरी शेणखत, पालापाचोळा, फांद्या पसरून राब भाजला, मृगाच्या पावसात त्यात पेरलं, तरवा वर आल्यावर उपटून जुड्या बांधल्या, आणि गुडघाभर चिखलात वाकून एकेक आवा लावला. पाठीवर पाऊस पडत होता. तुमच्या कमरेत या क्षणी प्रवासाची कळ असेल. तिच्याकडे लक्ष द्या, आणि त्या लावणीच्या कमरेकडेही.

इथे जरा जास्त थांबायला हवं, कारण फोटोतून हाच भाग सुटतो. यलोस्टोनच्या फोटोंत माणूस दिसला तर तो पाहुणा असतो. पण ती जागा रिकामी नव्हती. डोंगरी मेंढ्यांच्या शिकारीवर जगणारे शोशोनी लोक तिथे राहत होते. उद्यान झालं आणि काही वर्षांत त्यांना तिथून हलावं लागलं. योसेमिटीच्या खोऱ्यातल्या अवाहनीची लोकांनाही आपली जागा सोडावी लागली. आपणही यातून सुटलेलो नाही. चांदोलीच्या जंगलासाठी गावं उठली, ती आज राष्ट्रीय उद्यानात आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात दिसत नाहीत, पण तिथून निघालेल्यांच्या बोलण्यात आहेत. याच तालुक्यात पानशेतच्या पाण्याखाली गावं गेली, गुंजवणीच्या धरणाने जमिनी घेतल्या. जंगल राखायला हवं, पाणीही हवं, यात मला शंका नाही. तरीही मोकळं, सुंदर दृश्य समोर आलं की मनात एवढं विचारायची सवय लावा: इथे आधी कोण होतं? उत्तर लगेच नको. प्रश्न पडला की नजर बदलते, तेवढं आज पुरे.

बांधावर कुणी असेल तर आधी राम राम करा. फोन खिशात राहू द्या.

आता गाडी सुरू करा, पण तिसऱ्याच्या वर नेऊ नका. याच रस्त्यावर मार्गासनीहून एक फाटा साखर, गुंजवण्याकडे जातो, राजगडाच्या पायथ्याला. वळला नाहीत तरी त्या दिशेला बघा. जवळपास पाव शतक राजधानी होती ती. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात राजगड आहे. पण आज आठवायचं ते वेगळं. १६६६ साली आग्र्याच्या नजरकैदेतून निसटल्यावर महाराज ज्या गडावर परत आले तो हा. हजार-बाराशे किलोमीटरची ती वाट, मुघलांची ठाणी चुकवत, पावसाळ्यातल्या नद्या ओलांडत. वर जिजाऊ वाट बघत होत्या. गोसाव्याच्या वेषात ते आईपुढे आले, असं सांगतात. मला त्या भेटीपेक्षा तिच्या आधीचे दिवस जास्त मनात येतात. निरोप नाही, बातमी नाही, आणि रोज संध्याकाळी उत्तरेकडचा मुलूख अंधारात जाताना बघायचा. एखाद्या लांबच्या प्रवासाला गेलेल्याची वाट तुम्ही कधी पाहिली असेल. ती आठवण येऊ द्या. तिला लगेच बाजूला सारू नका.

वेल्हे गावातून तोरण्याच्या सावलीने पुढे निघालात की घरं विरळ होतात, झाडी दाटते. सोनकी फुलली असेल, पिवळी, उतारच्या उतार. थांबावंसं वाटेल तिथे थांबा, पण प्रत्येक वेळी नाही. काही उतार नुसते जाऊ द्या.

केळदला मढे घाटाच्या तोंडाशी डांबर संपल्यात जमा होतं आणि जमीनही. पुढे कडा, खाली कोकण. तानाजी मालुसऱ्यांचा देह सिंहगडाहून उमरठला याच घाटाने नेला, असं इथे सांगतात. धबधब्याच्या काठापासून लांब, भक्कम जागा बघून उभे राहा. ओल्या कातळावर पाय टाकू नका. उत्तर अमेरिकेत रॉकी पर्वतातून जाताना, ग्लेशियर उद्यानातल्या लोगन पासला, लोक मुद्दाम गाडी थांबवतात, कारण तिथून पाणी वाटलं जातं, काही एका महासागराकडे, काही दुसरीकडे. केळदची धारही तशीच आहे. कड्यावरून पडणारं पाणी काही तासांत कोकणातून अरबी समुद्राच्या वाटेला लागतं. मागे तोरण्याच्या उतारावर पडलेलं गुंजवणीने नीरेला जातं, नीरेने भीमेला, भीमेने कृष्णेला, आणि सगळा दक्षिण देश ओलांडून बंगालच्या उपसागराला. वाटेत ते किती खाचरांतून जातं, किती धरणांत अडतं, किती उसाला मिळतं, हे एकेक टप्पा घेऊन मनात म्हणत चला. विंझर त्यातल्या पहिल्या काही टप्प्यांत येतं. त्या बांधावरचं रोपही.

वारा फार असेल तर मागे या. केळदमध्ये चहा मिळाला तर घ्या, आणि देणाऱ्याला यंदा पाऊस कसा झाला एवढंच विचारा. मग मध्ये बोलू नका. तो मृगापासून सुरू करील, लावणी कुठे अडली, कुणाचा बांध फुटला, सगळं सांगेल, आणि त्याला वेळ लागेल.