श्रमदान आणि पाण्याचा वाटा

‘श्रमदान’ हा शब्द आपल्या भाषेत इतका रुळला आहे की, त्यातील दोन पदांचे परस्परांशी जमते की नाही हे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. दान स्वेच्छेने द्यावयाचे आणि परतफेडीची अपेक्षा न धरता द्यावयाचे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतील पहिल्याची कसोटी हीच. आता ज्या दानावाचून योजनेला मंजुरी मिळत नाही, ज्याचे दिवस आगाऊ ठरलेले असतात, आणि जे न देणाऱ्याकडे सारा गाव बोट दाखवितो, त्याला दान म्हणावे, कर म्हणावा की वेठ म्हणावी? हा केवळ शब्दच्छल आहे असे कोणास वाटेल. परंतु आमच्या नगर जिल्ह्यात (2024 पासून ह्याचे सरकारी नाव अहिल्यानगर झाले आहे) ह्या प्रश्नाशी पुष्कळांच्या पोटाचा संबंध आहे.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. पारनेर, पाथर्डी, संगमनेर ह्या तालुक्यांतील कित्येक गावांनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्यात पिढी घालविली. 1992 साली फादर हर्मन बाखर ह्या स्विस जेझुइट धर्मोपदेशकाच्या खटपटीने भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. पैसा जर्मन सरकारचा, तो पोहोचविण्याचे काम नाबार्डचे, मार्गदर्शन ‘वॉटर’सारख्या सेवाभावी संस्थेचे, आणि प्रत्यक्ष कारभार गावच्या पाणलोट समितीचा, अशी ती चौपदरी भागीदारी होती. गावाने अगोदर काही दिवस फुकट राबून आपली आस्था सिद्ध करावयाची, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावयाची, आणि पुढे अकुशल मजुरीच्या खर्चाचा सुमारे सहावा हिस्सा श्रमाच्या रूपाने भरावयाचा, असा दंडक होता. भूमिहीनांना ह्या हिश्श्यातून सूट असे, हे नमूद करणे न्यायाचे होईल.

हा दंडक शहाणपणाचा होता ह्याविषयी मला शंका नाही. फुकट आलेल्या सरकारी बांधांची दशा मी पाहिली आहे. दुसऱ्या पावसाळ्यात ते फुटतात, आणि तिसऱ्या वर्षी त्यांचे दगड कोणाच्या तरी गोठ्याच्या भिंतीत दिसतात. ज्याने स्वतः चर खणला तो त्यात गुरे शिरू देत नाही. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत 1996 साली काम सुरू होण्यापूर्वी शेतीत वर्षाकाठी तीन-चार महिनेच काम मिळे. पुढे ते नऊ-दहा महिने मिळू लागले. ज्याला मजुरीसाठी बिऱ्हाड पाठीवर घेऊन परमुलखात जावे लागले नाही, त्याच्यापुढे तत्त्वज्ञान सांगण्याचा मला अधिकार नाही.

तथापि पाण्याची एक रीत आहे. ते उतारावरून खाली जाते. पाणलोटाचे काम ‘माथा ते पायथा’ करावयाचे असते, कारण माथ्यावर पाणी अडविले नाही तर पायथ्याचा बांध गाळाने भरतो. माथ्यावर बहुधा गायरान असते, माळ असतो, आणि त्यावर ज्याची मेंढरे चरतात त्याच्या नावावर सातबाऱ्याचा उतारा नसतो. पायथ्याला काळी जमीन व विहिरी असतात. म्हणजे चराईबंदीचा भार माथ्यावर पडतो आणि पाणी पायथ्याला लागते. गाव ‘एकदिलाने’ राबला असे आपण म्हणतो, तेव्हा ह्या उताराचा आपल्याला विसर पडतो.

हे मी परक्या गावाविषयी लिहीत नाही. आमच्या मूळ गावी अशाच एका योजनेत डोंगर बांधला गेला. आमची वडिलोपार्जित विहीर अगदी पायथ्याला आहे. पूर्वी होळीच्या सुमारास तिचा तळ दिसे. आता वैशाखातही बंधू पंप चालवितात, आणि गेली काही वर्षे त्यांनी ऊसही लावला आहे. आमच्या घरचे श्रमदान एका गड्याने केले. त्याची मजुरी आम्ही दिली आणि पुण्य आमच्या नावावर पडले. माथ्यावरच्या एका धनगर कुटुंबाने पहिल्याच वर्षी मेंढरे विकली. त्यांना खणण्याची मजुरी मिळाली, पूर्ण मिळाली. पण खणणे तीन वर्षांत संपले. विहीर मात्र दरवर्षी भरते.

बेंथॅमचा अनुयायी म्हणेल, एकूण सुखाची बेरीज वाढली, मग तक्रार कसली? पण ज्याच्या त्यागावर बेरीज वाढली, तो तिच्या वाटपात कोठे आहे? ह्याच जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नांनी 1950 साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तेथे भागधारकाच्या हाती निदान भागाचा कागद होता. मेंढरे विकणाऱ्याने गावाच्या भांडवलात जे घातले, त्याचा कागद कोणी लिहिला नाही. ‘दान’ हा शब्द येथे फार सोयीचा पडतो. दानाची पावती कोण मागतो?

ह्याला उत्तर नाही असे नाही. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे ह्या अभियंत्याने पलीकडच्या पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभारली. तेथे पाण्याचा हक्क जमिनीला नव्हे तर माणसाला दिला. माणशी अर्धा एकर, कुटुंबास अडीच एकरांची मर्यादा. भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला बंदी. आमच्या जिल्ह्यातील हिवरे बाजारने वेगळी वाट धरली. पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात, 1989 नंतर, त्या गावाने मोकाट चराई थांबविली, शेतीसाठी कूपनलिका घेणे बंद केले, आणि पावसाचा हिशेब मांडून पिके ठरविण्याची शिस्त लावली. पाणी नजरेसमोर मोजले गेले की ते एकट्याचे आहे असे म्हणणे थोडे कठीण होते. पण साळुंख्यांची पाणी पंचायत पुढे ठिकठिकाणी का पसरली नाही, हे समजावयास फार विद्वत्ता लागत नाही. वाटा मागणारे माथ्यावर असतात, समितीत बसणारे पायथ्याचे असतात, आणि दात्याला काम मुदतीत संपवावयाचे असते.

एक स्नेही मला म्हणाले, “प्राध्यापकमहाशय, वाट्याचा प्रश्न आधी काढला असता तर डोंगर बांधलाच गेला नसता.” ते खरे असेल. परंतु डोंगर बांधून झाल्यावरही तो प्रश्न काढू नये, असा त्याचा अर्थ मी लावीत नाही.

गेल्या दिवाळीत मी बंधूंपाशी गोष्ट काढली : ऊस सोडावा, आणि वाचेल ते पाणी त्या धनगराच्या मुलाला चाऱ्याच्या एका तुकड्यासाठी द्यावे, जमिनीचा तुकडा आपलाच, खंड नको. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “अण्णा, तू पगारावर जगतोस.” ह्यावर मला काही बोलता आले नाही. गड्याच्या श्रमदानाची गोष्ट तेव्हा आठवली असती, तरी ती मी काढली असती की नाही, ह्याची मला खात्री नाही. उसाची यंदाची तोड झाल्यावर पुन्हा बोलू, एवढे मात्र त्यांनी कबूल केले आहे.